आठशेच्या गाडीत तेराशेचं इंजिन

१९९८ सालच्या मार्चमधल्या एका रविवारी, चंद्रपूरच्या एका गॅरेजात, माझ्यासमोर बावीस हजार रुपये मोजले गेले. देणारे आमचे साडू, घेणारा रज्जाक मिस्त्री, आणि मधे मी. कारण साडूंनी एकट्याने मोजले असते तर बाविसाचे तेवीस होण्याची भीती होती. वस्तू लहान असेल तर ती मोठी करायची आणि मोठी असेल तर आणखी मोठी, याखेरीज दुसरा विचार या माणसाच्या डोक्यात उभ्या आयुष्यात आला नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. त्या पैशांत नागपूरकडे अपघातात चेपलेल्या एका लांबलचक गाडीचं तेराशे सीसीचं इंजिन विकत घेतलं होतं. ते बसवायचं होतं साडूंच्या बारा वर्षं जुन्या, पांढऱ्या, छोट्या गाडीत. तिचं मूळचं इंजिन आठशेचं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुलचेऱ्याला त्यांची धान कांडायची गिरणी होती. आसपासच्या बंगाली वस्त्यांतून आणि गोंडांच्या गावांतून लोक पोती घेऊन यायचे. सुरुवातीला इंजिन लहान, त्यामुळे बायाबापड्या दुपारभर ताटकळत बसायच्या. साडूंनी दुप्पट ताकदीचं इंजिन आणलं आणि रांग अर्ध्या वेळात संपायला लागली. झालं. त्या दिवसापासून जगातल्या सगळ्या अडचणींवर त्यांना एकच औषध ठाऊक. "ताकत कमी पडून राह्यली," असं म्हणायचं आणि कामाला लागायचं. घरच्या विहिरीवर त्यांनी शेताला लागतो तेवढा पंप बसवला. विहीर पाव तासात कोरडी झाली आणि शेजारणीची कळशी दोरासकट तळाला टेकली. सायकलला ट्रॅक्टरचा भोंगा लावला, भोंग्याला बॅटरी लागते म्हणून ती कॅरिअरला बांधली, आणि मग सायकल इतकी जड झाली की ते ती हाताने ढकलत न्यायचे व मधूनमधून भोंगा वाजवायचे. मागच्या संडासाच्या पत्र्याच्या दाराला त्यांनी तिजोरीचं वाटावं असं कुलूप घातलं होतं. एका वादळात दार उडून गेलं. कुलूप शेवटपर्यंत शाबूत होतं. माझी मेहुणी अंगाने अगदी लहानखुरी. ती म्हणायची, "यायच्या घरात मापात राह्यलेली मी एकलीच."

ती या इंजिनाच्या तीन वर्षं आधी तापाने गेली. त्यानंतर घरात साडू एकटे; पण भाताचं पातेलं तेच राहिलं. तीन माणसांचा भात रांधायचा, एकट्याने जेवायचं आणि उरलेला गल्लीतल्या कुत्र्यांना घालायचा, असा क्रम. मी एकदा म्हटलं, "भाऊ, लहान पातेलं घ्या. महिन्याला आठ-नऊ किलो तांदूळ वाचेल." त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "साडभाऊ, गिरणी माही, तांदूळ माहा. अन् लहान गंजात भात चांगला होत नाई." सगळ्याच गोष्टी गुणून-भागून सुटत नाहीत, हे मला त्या वयात थोडंथोडं कळू लागलं होतं.

त्यांना मूल एकच, मंगला. ती सिरोंचाला दिली होती. घर चांगलं, जावई शाळेत मास्तर, सासू तेलुगू बोलणारी आणि मनाने मोकळी. अडचण एवढीच, की मुलीच्या घरी नातू होईपर्यंत बापाने तिथलं अन्न-पाणी घ्यायचं नाही, मुक्काम तर नाहीच, हा नेम मेहुणीने लग्नातच घातला होता आणि जन्मभर पाळला होता. ती गेल्यावर साडूंना तो मोडवेना. मंगलाच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. एसटीने जावं तर ती गाडी तिन्हीसांजेला पोचायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परतायची, म्हणजे मुक्काम आलाच. लॉजवर उतरावं तर मुलीच्या गावात बाप लॉजवर राहिला म्हणून विहीणबाईंचा अपमान. तेव्हा उरली ती छोटी पांढरी गाडी. पहाटे उजाडता निघायचं आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं. जंगलातल्या त्या रस्त्यावर अंधार पडल्यावर कोणी गाडी घालत नसे. जाणं-येणं मिळून तीनशेच्या जवळ किलोमीटर. दिवसातून रस्ता वजा केला की मुलीजवळ बसायला उरायचा जेमतेम एक तास. साडूंना तो दोन तासांचा करायचा होता. बावीस हजार गेले ते त्या वाढीव तासापायी.

मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. आलापल्लीच्या पुढे रस्ता असा, की विमानाचं इंजिन लावलं तरी तासाला तीसच्या वर जाता येत नाही. अडवतोय तो खड्डा, इंजिन नव्हे. साडू म्हणाले, "तुम्ही कधी गिरणी चालवली का?" मी म्हटलं, नाही. "मंग?" म्हणाले, आणि विषय संपला.

रज्जाक मिस्त्रीने इंजिन साखळीने टांगून गाडीवर धरलं, एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, इंजिन तो बैठ जाएगा. बाद में गाडी बैठ गई तो मेरेकू मत बोलना." तीन आठवडे तो कापत आणि जोडत होता. बॅटरीला पुढे जागा उरली नाही म्हणून ती मागच्या सीटखाली गेली. बॉनेट लागेना म्हणून ते मधोमध कापून वर पत्र्याचा फुगा जोडला. तरीही फट राहिली ती नायलॉनच्या दोरीने आवळली. दाढदुखीने गाल सुजलेल्या माणसाने डोक्यावरून फडकं बांधावं, तशी गाडी दिसायला लागली. नाक इतकं जड झालं की मागची चाकं नुसती टेकायची. त्यावर साडूंनी गिरणीवाल्याचा उपाय काढला: डिकीत तांदळाचं पोतं टाकलं. हे पोतं जाताना मंगलाला द्यायचं. मग येताना तोल कसा राखायचा? तर रिकाम्या पोत्यात सिरोंचाजवळच्या प्राणहिता नदीची वाळू भरायची. मी आरटीओत जाऊन पुस्तकावर नव्या इंजिनाचा नंबर चढवून घ्यायला लावला. साडूंना तो खर्च फुकट वाटला. मला त्याशिवाय त्या गाडीत बसवलं नसतं.

पहिल्या फेरीला मी सोबत होतो. पहाटे मुलचेऱ्याच्या अंगणात चावी फिरवताच गाडीने जी उडी मारली, ती समोरच्या सरपणाच्या ढिगात. साडू खाली उतरून हसत म्हणाले, "पाह्यलं का ताकत!" आलापल्लीपर्यंत गाडी पळाली, हे मान्य केलं पाहिजे. एकदा तर काटा नव्वदला टेकला आणि साडूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर खड्डे सुरू झाले. तेराशे सीसीचं ते इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत, बैलगाडीच्या मागे बैलगाडीच्या चालीने चालू लागलं. दोन्ही बाजूंना साग, वर ऊन, माणूस दिसत नाही. साडू म्हणाले, "मंगलाच्या मायले गाडीत झोप लागत नव्हती. सारा रस्ता मले गोष्टी सांगत ये." पुढचे दोन खड्डे त्यांनी चुकवले नाहीत.

सिरोंचाला पोचलो तेव्हा मी घड्याळ पाहिलं. नेहमीपेक्षा वीस मिनिटं लवकर.

मंगलाच्या अंगणात कडुलिंब आहे. त्याखाली गाडी उभी करून साडू गाडीतच बसले. ही त्यांची रीत. डबा घरचा, पाण्याचा कॅन घरचा. मंगला बाहेर येऊन शेजारच्या सीटवर बसली. गाडी बापाची, तेव्हा तिच्यात बसून बोलायला नेमाची आडकाठी नाही. विहीणबाई ओसरीवरून हाक मारत होत्या, "तिनंडी, तिनंडी," म्हणजे जेवा हो, जेवा. आणि साडू काचेतून हात जोडत होते. मी बेधडक आत जाऊन जेवलो. माझा असल्या नेमांवर विश्वास नाही. जेवून बाहेर आलो तर साडू मुलीला इंजिन समजावून सांगत होते आणि ती मान डोलवत त्यांच्या सदऱ्याच्या तुटलेल्या बटणाकडे पाहत होती.

निघायची वेळ झाली. तांदळाचं पोतं उतरवलं, जावईबापूंनी वाळूचं चढवलं. साडूंनी गाडी सुरू केली, ॲक्सिलरेटर दाबला आणि खाडकन आवाज झाला. इंजिन ज्या रबरी बुडावर बसवतात, ते माउंटिंग तुटलं होतं. तेराशे सीसी एका अंगावर कलंडून आठशेच्या पोटात आडवं झालं. गावातल्या मिस्त्रीने खाली वाकून पाहिलं आणि सांगितलं, की सामान चंद्रपूरहून येईल तेव्हा.

"मी गाडीतच झोपतो," साडू म्हणाले.

"अन् जेवान?" मंगलाने विचारलं.

"डबा होता ना."

"तो त संपला. पाणीही संपलं." ती दाराला धरून उभी होती. आवाज चढवला नाही. "बाबा, तुम्ही इथलं पाणी नाई पीत, तवा सारे माह्या पोटाकडं पाह्यतेत. दर खेपेले. मायनं नेम केला तवा तिले काय माहीत होतं?"

साडू स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. या प्रश्नावर मोठं करून बसवावं असं काहीच त्यांना सापडत नव्हतं. मी दुसरीकडे पाहू लागलो. मंगलाच म्हणाली, "फुकटचं नाई खायचं ना? मंग मोल देऊन खा. खानावळ समजा."

साडूंनी वर पाहिलं. "रेट काय?"

"पन्नास."

"पन्नास? आष्टीच्या खानावळीत पंचवीसमध्ये पोटभर भेटते!"

"तिथी वाढायले मी आहो का?"

साडू उतरले. ओसरीवर पाय धुतले. पहिल्यांदा ते तांब्याभर पाणी प्यायले, एका दमात, आणि विहीणबाई आत जाऊन डोळे पुसून आल्या. जेवण झाल्यावर त्यांनी पन्नासची नोट ताटाशेजारी ठेवली. मंगलाने ती उचलून कमरेला खोचली आणि विचारलं, "सकाळी नाश्ता लागन का? त्याचे वेगळे."

माझी नोकरी होती, मी सकाळच्या एसटीने परतलो. साडू पाच दिवस राहिले.

पुढे पाच-सहा वर्षं ती गाडी सिरोंचाला गेली की हटकून बंद पडायची. जाताना नाही, वाटेत नाही, नेमकी कडुलिंबाखाली. एकदा गॅरेजात मी रज्जाकजवळ काळजी बोलून दाखवली. तो हसायला लागला. "भाऊ, बोल्ट अपने आप ढीला नै होता. पाना लगता है. और उनका पाना डिकी में रहता है." मी ही गोष्ट घरीसुद्धा सांगितली नाही. साडूंना विचारलं तर म्हणाले, "इंजिन जास्त ताकतीचं पडलं. बॉडीले झेपत नाई." तोंडावरची रेषही हलली नाही.

शेवटच्या खेपेला माउंटिंग खरोखर तुटलं. त्यांनी चंद्रपूरला फोन केला, पण रज्जाकला वाटलं, नेहमीचंच. त्याने सामान पाठवलं नाही. दहा दिवस वाट पाहून साडू एसटीने मुलचेऱ्याला आले. गाडी न्यायला परत जायचं चाललं होतं. त्या हिवाळ्यात ते झोपेत गेले. शेजाऱ्यांना कळलं ते सकाळी कुत्री दाराशी जमून राहिली म्हणून.

गेल्या वर्षी मी सिरोंचाला गेलो, एसटीने, तिन्हीसांजेला. गाडी कडुलिंबाखाली आहे. चारही चाकं बसली आहेत, बॉनेटची दोरी उन्हाने पांढरी पडली आहे, डिकीत वाळूचं पोतं तसंच. मंगला म्हणाली, दुपारी कामं उरकली की ती कधीकधी शेजारच्या सीटवर जाऊन बसते. भंगारवाला दोनदा येऊन गेला. इंजिनाचे चांगले पैसे देत होता. मी किती ते विचारलं नाही.

रात्री तिने मला वाढलं. भात जरा जास्तच रांधला होता. जेवून उठताना मी पन्नासची नोट ताटाशेजारी ठेवली. माझा असल्या नेमांवर विश्वास नाही, हे मी वर लिहिलंच आहे. मंगलाने नोट पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, आत गेली आणि सुटे घेऊन आली.

"मावसाजीले आष्टीचा रेट," ती म्हणाली.

मी एकूण दिले पंचवीस रुपये.