दोन्हीकडच्या नर्सबाई

नर्सबाईंशी हात मिळवला की त्यांची बोटं आपसूक समोरच्याच्या नाडीवर जात. मिशनच्या दवाखान्यात चाळीस वर्षं सुईणपण आणि मलमपट्टी केलेली बाई. दवाखाना बंद पडला, पण वाशीमच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत दर रविवारी उपासनेनंतर त्यांची तपासणी चालूच असायची.

आमची मंडळी अमेरिकन मिशनऱ्यांनी उभी केलेली. तीन वर्षांपूर्वी तिकडच्या मूळ संस्थेतच फूट पडली. शास्त्र कसं वाचायचं यावरून सुरू झालेल्या वादात पुढे तिथलं राजकारण मिसळलं, आणि खरे इव्हँजेलिकल, म्हणजे शुभवर्तमानाला धरून चालणारे, कोण यावर येऊन तो अडकला. आम्हाला दोन पत्रं आली. दोघांचंही म्हणणं एकच: खरे आम्ही, तुम्ही कोणाकडे ते कळवा.

पत्र वाचून दाखवल्यावर नर्सबाई एवढंच म्हणाल्या, "भांडन तिकडलं, मंग ताप आपल्याले काहून?"

पण ताप चढलाच. निम्मी घरं बाहेर पडली आणि रिसोड रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये उपासना करू लागली. जुन्या मंडळीचा सेक्रेटरी मी. भावाभावांतलं बोलणं बंद झालं. नर्सबाई मात्र रविवारी सकाळी आमच्याकडे येत आणि दुपारी तिकडे जात. आमच्या मंडळीच्या पाळकांनी त्यांना एक बाजू धरायला सांगितलं, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की त्यांना दोन्हीकडून हाकललं तरी त्या दोन्हीकडे येतील.

मग हॉलवाल्यांतला एक सुतार अचानक वारला. कब्रस्तान आमच्या ताब्यात होतं, आणि सोडून गेलेल्यांना तिथे जागा द्यायची नाही असा पंचमंडळाचा ठराव. किल्ली माझ्याकडे होती. भर दुपारी नर्सबाई एकट्याच माझ्या दारात आल्या. मी ठरावाचा कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला, घडी घालून मला परत दिला.

"याची नाळ म्या कापली, बाबू. तवा कोन्त्या पंथाचा हाये, असं इचारलं नोतं. किल्ली दे, नाईतर मी फाटकासमोर बसतो. उठवाले तूच येजो."

मी किल्ली दिली नाही. चप्पल घालून त्यांच्याबरोबर गेलो आणि फाटक स्वतः उघडलं. पुढच्या बैठकीत माझं सेक्रेटरीपद गेलं. पण ठराव पुन्हा कोणी काढला नाही.

मंडळ्या वेगळ्याच राहिल्या. गेल्या वर्षी नर्सबाईंच्या गुडघ्यांनी साथ सोडली, तेव्हा भाची त्यांना अकोल्याला घेऊन गेली. स्टेशनवर मी विचारलं, "नर्सबाई, पुन्हा एक होऊ का हो आपण?"

"होऊ का, असं इचारू नोको," त्या म्हणाल्या. "ते करा लागते."

यंदाच्या पावसाळ्यात त्या वारल्या. या नाताळाला दोन्हीकडच्या पोरांची गाणी एकत्र बसवावीत म्हणून गेल्या आठवड्यात मी पहिल्यांदा त्या हॉलची पायरी चढलो. सुताराच्या बायकोनं खुर्ची पुढे केली. काल पहिल्या तालमीला दोन्हीकडची मिळून सात पोरं आली. पुढच्या शनिवारी पुन्हा बोलावलंय.