फिलिपिन्समधील आठवडे बाजार

सरदार पिंजारी यांचं अर्धं दुकान गाद्यांचं आहे आणि अर्धं प्रबंधांचं. जळगावात पिंप्राळ्याला मेन रोडवरून आत वळलं की दुसरंच शटर. डाव्या हाताला त्यांचा धाकटा भाऊ उमर कापूस पिंजतो, गाद्या-उशा शिवतो. उजव्या हाताला सरदारभाई कॉम्प्युटरसमोर बसून लोकांच्या पीएच.डी. टाइप करतात. मध्ये एक जुनी चादर टांगलेली आहे. ती कापूस अडवते असं दोघा भावांचं ठाम मत आहे. माझ्या चौथ्या प्रकरणाच्या प्रिंटात चिकटलेला कापूस मी त्यांना दाखवला होता, तरी मत बदललं नाही.

बापजाद्यांचा धंदा पिंजणाचा. सरदारभाई नववी पास, म्हणजे खरं तर दहावी नापास, पण ते नववी पास असंच सांगतात आणि त्यात खोटं काहीच नाही. तरुणपणी कोर्टासमोर झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसले, तिथे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करता करता मराठी अशी पक्की झाली की विद्यापीठातल्या भल्याभल्यांचे ऱ्हस्व-दीर्घ ते न विचारता दुरुस्त करतात. वय आता छप्पन्न. चष्मा कपाळावर, आणि तो शोधण्यात दिवसातली पंधरा मिनिटं जातात.

मी त्यांच्याकडे गेले ती नऊ वर्षांपूर्वी. मी नूतन चौरे. गाव साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्याही पुढे डोंगरात, राहायला पिंप्राळ्यात, पोटापाण्याला तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. म्हणजे तास घेतला तर पगार, सुट्टी आली की उपास. कायम व्हायचं तर पीएच.डी. हवी. आणि मला अवदसा आठवली म्हणून मी विषय घेतला, 'अमेरिकेतील सुधारणावादी राजकारण आणि सागरापार विस्तार, १८९० ते १९१७'. आई म्हणाली, "अमेरिकेनं तुझं काय घोडं मारलं होतं?" मार्गदर्शक सर म्हणाले, "विषय चांगला आहे, कोणी घेत नाही." कोणी का घेत नाही हे विचारायची बुद्धी मला झाली नाही.

हस्तलिखित मी हप्त्याहप्त्यानं द्यायचे, भाजीसारखं, जेवढं ताजं निघेल तेवढं. सरदारभाई टाइप करायचे आणि मध्येच हात थांबवून अहिराणीत प्रश्न विचारायचे. त्या काळातल्या अमेरिकेत शहराशहरांत पुढाऱ्यांच्या टोळ्या होत्या, मांसाच्या कारखान्यात काय काय दळलं जायचं ते एकानं छापलं आणि देशाचं जेवण बिघडलं, तेलाच्या एका कंपनीनं सगळा बाजार गिळला होता, मग पत्रकार उठले, कायदे झाले, निवडून दिलेल्या माणसाला मधूनच घरी बसवायचा हक्क काही राज्यांत लोकांना मिळाला. तिसऱ्या प्रकरणातलं हे सगळं त्यांना भारी आवडायचं. "चांगलं काम शे," म्हणायचे, "आपली घाण आपनच उपसनी."

मग पाचवं प्रकरण आलं. तीच अमेरिका, तीच वर्षं, पण आता आरमार घेऊन निघालेली. स्पेनशी लढाई, तह, आणि वीस दशलक्ष डॉलर देऊन फिलिपिन्स ताब्यात. तिथले लोक म्हणाले आम्ही आमचं बघतो, तर त्यांच्याशी तीन वर्षं युद्ध. आणि वर सांगणं असं की हे तुमच्याच भल्यासाठी. सरदारभाईंचे हात कीबोर्डवरून उचलले गेले ते बराच वेळ खाली आलेच नाहीत.

"ताई, इकनारा स्पेन, लेनारी अमेरिका. तठला मानसेस्ले कोनी इचारं का?"

"नाही."

"बाजारमा बैल इकतस तवय बैलले कोनी इचारत नही, ते ठीक शे. पन हाई तं मानसं व्हतात." मग चष्मा पुसून म्हणाले, "घर झाडनारा मानूस शेजारीना घरमा झाडू लिसन घुसना, आनि परत निघनाच नही. असं व्हयनं ना?"

माझ्या निष्कर्षाच्या प्रकरणात हेच मी चाळीस पानांत लिहिलं आहे. त्यांचं जास्त बरं जमलं होतं, त्याचा मला रागच आला.

आता त्यांची एक कामाची पद्धत सांगायला हवी, कारण सगळी गडबड तिथंच झाली. सरदारभाई नवा प्रबंध कधीही कोऱ्या फाइलवर सुरू करत नाहीत. समास, पानक्रमांक, प्रमाणपत्राचं पान, हे विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे एकदा बसवलं की ती फाइल सोन्याची. मागच्या माणसाचा प्रबंध उघडायचा, नव्या नावानं ठेवायचा आणि जसजसा नवा मजकूर येईल तसतसा जुना पुसत जायचा. म्हणजे प्रत्येकाच्या प्रबंधाखाली दुसऱ्या कुणाचा तरी प्रबंध असतो. माझ्याखाली भूगोलवाल्या प्रेमराजचा होता, 'साक्री तालुक्यातील आठवडे बाजार'.

पाचव्या प्रकरणात तीन पानं मी बाकी ठेवली होती. फिलिपिन्सच्या डोंगराळ भागात सामान्य माणसं कशी जगत, हे लिहायचं होतं. "जागा ठेवा, देते," मी म्हणाले. सरदारभाईंनी जागा ठेवली, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून ठेवतात तशी. प्रेमराजची तीन पानं तिथंच राहू दिली. पुढे पानाच्या माथ्यावरचं जुनं शीर्षक खटकायला लागलं, म्हणून त्यांनी कॉम्प्युटरला हुकूम दिला की या प्रकरणात जिथे जिथे 'साक्री तालुक्यातील' असेल तिथे तिथे 'फिलिपिन्समधील' कर. कॉम्प्युटर आज्ञाधारक. माथाही बदलला आणि ती तीन पानंही. तेवढ्यात मला निवडणुकीची ड्यूटी लागली, मग आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, आणि ती तीन पानं मी दिली असं मला वाटलं, आली असं त्यांना वाटलं.

प्रबंध छापला गेला, काळ्या कापडाची बांधणी झाली, सोनेरी अक्षरं आली. मार्गदर्शकांनी वाचला. दोन परीक्षकांनी वाचला. एकानं अहवालात लिहिलं, 'प्रकरण पाचमधील फिलिपिन्सच्या जनजीवनाचे वर्णन विशेष जिवंत, जणू लेखिका तेथे राहून आली आहे.' तो अहवाल मी घरी सगळ्यांना वाचून दाखवला.

मौखिक परीक्षेच्या चार दिवस आधी सरदारभाईंचा फोन आला. परीक्षेत पडद्यावर दाखवायची पानं ते तयार करत होते आणि प्रकरणाच्या शेवटच्या टिपा तपासत होते. टिपा जगात कोणीच वाचत नाही, सरदारभाई वाचतात. मी दुकानात गेले. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. टीप क्रमांक सत्तेचाळीस : 'मुलाखत, शेवंताबाई, मोहफुले विक्रेती, वय ६२, फिलिपिन्समधील आठवडे बाजार.'

शेवंताबाई माझ्या गावच्या. आमच्या घराला घर लागून.

"ताई, हाई फिलिपिन्स नही शे," सरदारभाई हळू आवाजात म्हणाले. "हाई तुमनं साक्री शे."

मी ती तीन पानं तिथेच उभ्यानं वाचली. पावसावरची भात-नागली. मोह, डिंक वेचणाऱ्या बाया. मालाचा भाव डोक्यावरून टोपली खाली उतरायच्या आधी व्यापारीच सांगून टाकतो ते. डोंगराबाबतचे निर्णय डोंगरातल्या माणसाला न विचारता होतात ते. चादरीपलीकडे उमर कापूस पिंजत होता आणि माझ्या कानशिलात तोच आवाज चालला होता.

खरं सांगते, पहिल्यांदा मला वाईट वाटलं नाही, संताप आला. आणि तो सगळा मी सरदारभाईंवर काढला. नऊ वर्षांची माती केलीत, मी म्हणाले. गाद्याच शिवायच्या होत्या म्हणाले, तेही उमरच्या देखत. शेवटी सरदारभाई म्हणाले, "चूक मनी शे. मी विद्यापीठमा सांगस."

"काही सांगायचं नाही!" मी म्हणाले. कारण त्या परीक्षेनंतर अकराव्या दिवशी धुळ्याच्या एका कॉलेजात कायम जागेची मुलाखत होती. वय चाळीस. अशी जागा पुन्हा निघेल तेव्हा माझे केस उरतील की नाही याची खात्री नव्हती. "तीन विद्वानांनी वाचलं, कुणाला कळलं नाही. चौथ्याला कशाला कळवायचं?"

"तुमनाच तिसरा प्रकरणमा शे ताई," ते म्हणाले, "आपली घाण..."

"तिसरं प्रकरण मला शिकवू नका," म्हणून मी उठले. आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी, त्यांच्या सचोटीची धास्ती वाटून, फोन केला : "उद्या येऊ नका. कार्यक्रम आतल्या लोकांचा आहे." ते "बरं ताई" म्हणाले.

आमच्याकडची खुली मौखिक परीक्षा म्हणजे लग्नातलं व्याहीभोजन. निकाल ठरलेला असतो. कचोऱ्या आधीच आलेल्या असतात. अध्यक्ष शेवटी विचारतात, "उपस्थितांपैकी कुणाला काही प्रश्न?" आणि आपणच आपल्या मैत्रिणीला दिलेला प्रश्न ती विचारते. माझा प्रश्न मयुरीकडे होता, शेजारच्या वर्गात मराठी शिकवणारी मयुरी. तिनं तो पाठ केला होता.

सगळं झकास चाललं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, म्हणजे 'जणू राहून आली' लिहिणाऱ्या त्याच गृहस्थांनी, पाचव्या प्रकरणाचं पुन्हा कौतुक केलं. अध्यक्षांनी ठरल्याप्रमाणे प्रश्न विचारला. मयुरी उठायला लागली, तेवढ्यात मागच्या रांगेतून कोणीतरी आधी उभं राहिलं. पांढरा इस्त्रीचा शर्ट. चष्मा डोळ्यांवर.

"आपण?" अध्यक्ष म्हणाले.

"मी टायपिस्ट," सरदारभाई म्हणाले, आणि शुद्ध, कोर्टातल्या मराठीत सगळं सांगितलं. पान दोनशे बारा ते दोनशे चौदा हा मजकूर या प्रबंधाचा नाही. जुन्या फाइलचा आहे. चूक माझी, बाईंचा यात काही दोष नाही.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. पण गंमत अशी की खोलीतल्या एकाचीही सरकली नाही. मार्गदर्शक सरांनी श्वास सोडला. परीक्षक क्षणभर लाल झाले आणि मग हसले. "म्हणजे टंकलेखनाचा दोष! शुद्धिपत्र जोडा, तीन पानं बदला, विषय संपला." अध्यक्षांनी मान हलवली. मयुरीनं मला अंगठा वर करून दाखवला. मी वाचले होते. फक्त गप्प बसायचं होतं.

मागे सरदारभाई अजून उभेच होते. कोणीतरी त्यांना म्हणालं, "अहो, इतक्या महत्त्वाच्या कामात असा हलगर्जीपणा? वाचत तरी जा काय टाइप करता ते." आणि ते मान खाली घालून "हो साहेब" म्हणाले.

ते "हो साहेब" माझ्याच्यानं ऐकवेना.

"सर, त्यांनी वाचलं," मी म्हणाले. "या प्रबंधाची टीप न् टीप वाचलेला या खोलीत तो एकच माणूस आहे. मी वाचलं नाही. म्हणजे तीनदा वाचलं. या तीन पानांखाली, मीच लिहिलंय समजून, मी पेन्सिलीनं रेघ ओढली होती, 'सुंदर' लिहिलं होतं. फिलिपिन्सच्या त्या बायांसाठी मला भरून आलं होतं. सर, ते माझं गाव आहे. त्यात माझी शेजारीण आहे. मला ती ओळखू आली नाही. हा दोष टायपिंगचा नाही."

परीक्षकांनी माझ्याकडे नाही, स्वतःच्या अहवालाकडे पाहिलं आणि तो घडी करून फाइलीत ठेवला. भला माणूस निघाला, म्हणाला, "मग हे प्रकरण तुम्हाला मनापासून पुन्हा लिहावं लागेल बाई. मलाही पुन्हा वाचावं लागेल." सहा महिने मुदत मिळाली. धुळ्याची जागा गेली, दुसऱ्या कुणाला मिळाली, त्याचं भलं होवो. हे वाक्य मी आज हसत लिहिते आहे, त्या दिवशी लिहिलं नसतं.

कचोऱ्या मात्र सगळ्यांनी खाल्ल्या. सरदारभाई बाहेर व्हरांड्यात उभे होते, हातात कचोरीचा कागद, खात नव्हते. मला वाटलं माझ्या नोकरीचं दुःख करताहेत. मी म्हणाले, "जाऊ द्या सरदारभाई."

"ते नही ताई." त्यांचे डोळे भरले होते. "एकसष्ट प्रबंध व्हयनात आजवर. बठ्ठा डॉक्टर व्हई ग्यात. पेढे दुकानवर येतस. पन आठे, आतमा, कोनी कधी बलायं नही. आज पहिलीच खेप शे."

आणि ही पहिली खेपही कुणी बोलावल्यामुळे नव्हती. येऊ नका म्हणून मी आदल्या दिवशी फोन केला होता. ते त्यांच्या लक्षात होतं, माझ्याही होतं, आणि आम्ही दोघंही त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही.