गुलाबी पावडर आणि माझं "नाही"

"परत गुलाबी!" साहेबांनी पावडरची पिशवी माझ्या टेबलावर आपटली.

रोह्याजवळच्या धाटावला, आमच्या कंपनीत औषधासाठी लागणारी पांढरी पावडर बनायची. दोन बॅच, म्हणजे दोन घाणे, गुलाबी निघाले होते. तिसराही तसाच निघाला तर ऑर्डर हातची जाणार होती. प्रॉडक्शन इन्चार्ज मी.

"म्हात्रे मॅडमना मेल टाका," साहेब म्हणाले.

तेच मला नको होतं. सुनंदा म्हात्रे आमच्या पेणच्या लॅबमध्ये केमिस्ट, मला सहा वर्षं ज्युनियर. ई-मेलची सोय नुकतीच आली होती. साहेब मॅडमच्या मेलचे प्रिंट काढून मीटिंगमध्ये वाचून दाखवायचे. माझी लॉगबुकं कोणी उघडतही नव्हतं.

तासाभरात उत्तर आलं. "असा रंग लोखंडामुळे येतो. हल्ली काही दुरुस्ती झाली का?"

झाली होती. सेंट्रिफ्यूजचे, म्हणजे ओली पावडर गरगर फिरवून पाणी काढणाऱ्या मशीनचे, बोल्ट बदलले होते. मला वाचताक्षणी आठवलं. पण पुन्हा त्यांचंच कौतुक? मी टाइप केलं, "नाही." उद्या आपणच शोधलं असं सांगू, म्हटलं.

त्याआधीच साहेबांनी ऑपरेटर गणपतला धरलं. "मशीन नीट धूत नाहीस. उद्यापासून येऊ नकोस."

मी शेजारीच उभा होतो.

सकाळी मॅडम रोह्याला एसटीतून उतरून रिक्षानं थेट प्लांटवर आल्या. "मेलवर उलगडेना. म्हटलं, बघूनच घेऊ." गणपत विनवण्या करत गेटवर उभा होता. त्यालाच आत घेऊन त्यांनी तोच प्रश्न विचारला.

"व्हय मॅडम, बोल्ट बदलले ना. इन्चार्ज सायबांना म्हायती हाय."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग पर्समधून लोहचुंबक काढलं. आमच्या स्टेनलेस स्टीलच्या मशीनला ते चिकटत नसे. नव्या बोल्टला खाटकन चिकटलं. साधं लोखंड.

मी साहेबांकडे गेलो आणि "नाही" का लिहिलं ते सांगितलं. भरपूर बोलणी खाल्ली. गणपत त्याच शिफ्टला कामावर लागला. पुन्हा स्टेनलेसचे बोल्ट बसवल्यावरचा घाणा पांढराशुभ्र निघाला.

मॅडमनी हेड ऑफिसला रिपोर्ट मेल केला. त्यात गणपतचं नाव पहिलं, माझं दुसरं. माझ्या "नाही"बद्दल अक्षर नव्हतं. खरं सांगतो, त्यांचा सगळ्यात जास्त हेवा मला तेव्हा वाटला.

पुढे आम्ही बरेच प्रॉब्लेम मिळून सोडवले, अर्धे मेलवर, अर्धे मशीनपाशी उभं राहून. मेल मिनिटात पोचतो. खोटं उत्तरही तेवढ्याच वेळात पोचतं.