ओळख न दाखवणाऱ्या विनोदिनीकाकू

हिंदी मुलखातल्या तात्यापारा मोहल्ल्यात विनोदिनीकाकूंना गर्विष्ठ म्हणणारे पुष्कळ आहेत. बाजारात एखादी पोरगी समोरून आली, की काकू तिच्याकडे न बघता वांग्यांचा भाव विचारतात. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? काकू दवाखान्यात कुठेतरी नोकरीला आहेत, एवढंच त्यांना ठाऊक. शरीरसंबंधातून होणाऱ्या आजारांची तपासणी जिथे होते, त्या तरुणांच्या केंद्रात काकू समुपदेशक आहेत. तिथे येऊन गेलेल्या कुणालाही बाहेर ओळख दाखवायची नाही, असा त्यांनी स्वतःलाच नियम घातलेला आहे.

पोरं येतात ती तोंडाला स्कार्फ गुंडाळून, जमिनीकडे बघत. चहात साखर किती, असं विचारावं तशा सुरात काकू सगळ्यांना तेच प्रश्न विचारतात. “मुझे तो कोई तकलीफ नहीं है,” असं कुणी म्हणालं, की हसून सांगतात, “तकलीफ नसते म्हणूनच तपासा लागते, बेटा.”

त्या जानेवारीत स्कार्फ सोडून समोर बसली ती कौमुदी, चौबे कॉलनीतल्या त्यांच्या मैत्रिणीची, वीणाची लेक. काकूंना बघून ती उठलीच. काकूंनी तिला बसवलं, इतरांना विचारतात तेच विचारलं, नमुना द्यायला आत पाठवलं. एक शब्द जास्तीचा बोलल्या नाहीत.

पुढच्याच आठवड्यात वीणाकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. काकूंनी सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि कौमुदीसमोरून मात्र नजर सरळ ठेवून पुढे गेल्या. पोरीचा चेहरा पडला. काकू आपल्या नियमावर खूश होत घरी आल्या. शहाण्या माणसाचं शहाणपण कधी कधी असं पेंड खातं.

कौमुदीचा रिपोर्ट आला. संसर्ग होता. आठवडाभर गोळ्या घेतल्या की बरा होणारा, पण तसाच सोडला तर पुढे मूल होण्याच्या वाटेत उभा राहणारा. काकूंनी फोन केला, पुन्हा केला. पोरगी उचलेना, केंद्रात येईना.

घरी तिळगुळाचा डबा आवरताना काकूंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अनोळखी पोरांसाठी केलेला नियम त्यांनी त्या पोरीला लावला होता, जिचा गाल ओढल्याशिवाय त्या वीणाच्या घरातून कधी निघाल्या नव्हत्या. काय वाटलं असेल तिला? काकूंना रडूच आलं.

रथसप्तमी अजून व्हायची होती. काकू डबा घेऊन थेट वीणाकडे गेल्या, चहा घेतला आणि निघताना म्हणाल्या, “कौमुदी, मले गेटपर्यंत सोडून दे गं, गुडघा दुखून राहिला.” गुडघा ठणठणीत होता.

गेटपाशी त्यांनी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. “माझं चुकलं, पोरी. केंद्रात आलेल्यांना बाहेर ओळख दाखवायची नाही, हा माझा नियम. तुले आधी सांगाले पाहिजे होतं.”

कौमुदी हातावरच्या तिळगुळाकडे बघत म्हणाली, “मुझे लगा आपको मुझसे घिन आ गई, काकू. इसीलिए फोन नहीं उठाया.”

“घिन? अगं, तुले या पायांवर घेऊन न्हाऊ घातलं मी!” काकूंचा आवाज चढला, मग घराकडे बघून उतरला. “उद्या ये. गोळ्या घेतल्या की बरं होते. त्या पोट्ट्यालेही आण, त्यालेही घ्या लागतीन.”

“मम्मी को...”

“माझ्याकडून नाही समजणार.”

“हव,” म्हणत मान डोलावून तिने तिळगूळ तोंडात टाकला आणि रडत रडतच चावला.

दुसऱ्या दिवशी ती आली, मान खाली घातलेल्या अर्जुनला घेऊन. दोघांनी गोळ्या पूर्ण केल्या. तेव्हापासून काकू प्रत्येकाला आधीच सांगतात, “बाहेर मी तुले ओळखणार नाही. तुले वाटलं, तर तू ओळख दाखव.” पण कित्येक दिवस कुणाला तसं वाटलं नाही.

उन्हाळ्यात तात्यापाऱ्याच्या बाजारात कौमुदी मैत्रिणींबरोबर समोरून आली. काकूंनी सवयीने वांग्यांकडे मान वळवली.

“काकू!” भर बाजारात पोरीने मागून गळ्याला मिठी मारली. “गाल नहीं खींचोगी?”

काकूंनी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तिचे गाल ओढले. त्यांना गर्विष्ठ म्हणणारी भाजीवाली वांगी तोलायची थांबून बघत राहिली.