टॉवेलाचा पदर

मुलगा चार वर्षांचा होता तेव्हा आम्ही जळोचीत राहायचो. मी इंदापूर तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवायचे. सकाळी सातच्या एसटीने जायचे आणि संध्याकाळी साडेपाचच्या गाडीने फाट्यावर उतरायचे. नवरा सोमेश्वरनगरला कारखान्यात, रविवारी घरी. दिवसभर मुलगा शेजारच्या काकींकडे असायचा. त्यांना त्याच्याच वयाची मुलगी होती.

त्याचा लाडका खेळ म्हणजे आई होणं. डोक्यावर टॉवेलाचा पदर घ्यायचा, उशी पंच्यात गुंडाळायची आणि मांडीवर घेऊन थोपटत बसायचं. माझ्या सासऱ्यांना, आबांना, हे अजिबात खपत नसे.

"पोरगा हाय त्यो. हे काय बायकी खेळ?"

"खेळू द्या आबा. उद्या स्वतःची लेकरं त्यालाही सांभाळायचीत," मी म्हणायचे. शाळेतही हे मी मोठ्या अभिमानाने सांगायचे.

एका शनिवारी शाळा सकाळची होती, म्हणून दुपारीच घरी आले. दोघं आमच्या ओसरीवर खेळत होती. मला कुणी पाहिलं नाही. काकींच्या मुलीने माझी जुनी पर्स खांद्याला लावली आणि म्हणाली, "चालले मी, गाडी चुकेल!" ती झाली होती मी. मुलाने मांडीवरच्या उशीवरून हात फिरवत मानसुद्धा वर केली नाही.

"जावा तुमी. मी हाय की घरी," तो म्हणाला. मग उशीला जवळ घेऊन, "न्हाय रं माझ्या राजा, रडू न्हाय. हितं ये."

शब्द काकींचे, हेल काकींचा, थोपटायची लयसुद्धा त्यांचीच. माझ्या मुलाला आई व्हायचं होतं, पण ती आई मी नव्हते.

पायातल्या चपलाही न काढता मी पुढे झाले. "काढ तो टॉवेल! मुलं असलं खेळत नाहीत."

त्याने टॉवेल उतरवून माझ्या हातात दिला. आतून आबांचा आवाज आला, "आत्ता कसं बोललीस!"

त्या शाबासकीने मला जास्त लागलं. आबा निदान मनातलं बोलत होते. मी मात्र माझा मत्सर त्यांच्या शब्दांत झाकला होता.

सोमवारी आबांनी बारामतीहून प्लास्टिकचा ट्रॅक्टर आणला. मुलगा तो ओसरीभर फिरवू लागला. उशी पलंगावर तशीच पडून राहिली.

पुढच्या आठवड्यात मी त्याला न्यायला गेले तर काकींनी विचारलं, "बाई, पदरच घेत न्हाय बगा हल्ली. कुणी काय बोललं का?"

"आबा बोलले असतील," मी म्हणाले.

पण त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मला ते खोटं रेटता येईना. सगळं सांगून टाकलं. तो तुमच्यासारखं बोलतो, ते मला सोसत नाही, हेसुद्धा.

काकींनी हाताचं पीठ झटकलं. "खरं सांगू? दिसभर माझ्या मागं मागं असतोय. पण तुमची गाडी थांबली की हातातला घास टाकून पळतोय. माघारी बघतसुदिक न्हाय. मला वाटतं, येक दिस तरी गाडी उशिरा यावी."

ते ऐकून मला आतून बरं वाटलं. त्यांचं दुखलेलं दिसत होतं, तरीही. या गोष्टीची लाज मला आजही वाटते.

घरी येऊन मुलाला म्हणाले, "मी चुकीचं बोलले. तुला हवं ते खेळ."

"मुलं खेळतात?"

"खेळतात."

त्याचा लगेच विश्वास बसला नाही. चार-पाच दिवसांनी त्याने उशी ट्रॅक्टरला दोरीने बांधली. आबांनी विचारलं, काय भरलंय रे?

"बाळ हाय. ताप आलाय त्याला. दवाखान्यात नेतोय."

आबांनी पाय आखडून घेतले आणि त्याला वाट करून दिली. मी आत भाजी चिरत होते. "आलाच हं दवाखाना, माझ्या राजा," तो उशीला समजावत होता, पुन्हा काकींच्याच हेलात. मला टोचलंच. पण मी उठले नाही.