तुरटी फिरवलेला समुद्र

अनय ती माशांची टाकी विकून टाकेल आणि पुन्हा कधी स्वतःसाठी काही मांडायला घेणार नाही, ही भीती संध्याकाळपासून माझ्या मनातून जात नाही. घरातले सगळे झोपले. मी इथं नांदेडला जागी आहे, आणि तिकडे लातूरला तोही जागाच असणार.

अनय माझा मुलगा. पाटबंधारे खात्यात आहे. कोणत्या तलावात किती पाणी उरलं ते वर कळवायचं, हे त्याचं काम. घरमालकीण गुरम्मा खाली राहतात, हा वरच्या मजल्यावर एकटा. भाजी कशी झाली विचारलं तर 'छान' म्हणतो, मीठ घालायचं राहिलेलं असलं तरी. दहावीत असताना पुठ्ठ्याची नळी आणि चष्म्याची भिंगं घेऊन तो दुर्बीण करत होता. शेजारचे एकजण गच्चीवर आले आणि म्हणाले, "काय रे, कुणाच्या खिडकीत बघतोस?" सगळे हसले, तोही हसला. दुसऱ्या दिवशी दुर्बीण माळ्यावर गेली. अजून तिथेच आहे.

मागच्या वर्षी प्रशिक्षणासाठी तो रत्नागिरीला गेला होता. तिथून आल्यावर म्हणाला, "आई, ओहोटीला खडकातल्या खळग्यात मासे अडकतात. तडफडत नाहीत. शांत थांबतात." आणि मग कधी नव्हे ते हट्टाने म्हणाला की घरात समुद्राच्या माशांची टाकी करणार. गोड्या पाण्याची नव्हे, खाऱ्या पाण्याची. तीही लातुरात, जिथं नळ आठवड्यातून एकदा येतो.

त्यानं घाई केली नाही. महिनोन्‌महिने नुसतं वाचलं. काचवाला शोकेसची पातळ काच लावायला निघाला होता, त्याला समजावून जाड काच घ्यायला लावली. गुरम्मा खालून ओरडल्या, "लेकरा, माझा स्लॅब बसंल की रे!" तर त्यानं त्यांना वर नेऊन तुळई कुठून जाते ते दाखवलं आणि लोखंडी स्टँड बरोबर तिच्यावर, भिंतीला लावून ठेवला. बोअरचं पाणी जड, म्हणून शुद्ध करायचं यंत्र बसवलं. त्यातून वाया जाणारं पाणी बादलीनं खाली नेऊन गुरम्मांना धुण्याभांड्याला देऊ लागला. त्यावरूनच दोघांचं जमलं. "मासे खायचे न्हाईत ना पण?" एवढं त्यांनी विचारून घेतलं. घर शाकाहारी.

शुद्ध पाण्यात समुद्राचं खास मीठ कालवलं, पंप लावला, वीज गेली तर चालावा म्हणून इन्व्हर्टर जोडला, तळाशी सच्छिद्र दगड रचले. मासे मात्र आणलेच नाहीत. मला वाटलं, झालं, सोडलं यानं.

"तसं नाही आई. माशांची घाण पचवणारे जंतू आधी दगडांवर वाढावे लागतात. विरजण लावलंय असं समज."

ते मला समजलं. तेव्हापासून मी रोज विचारायची, लागलं का विरजण?

गेल्या आठवड्यात लागलं. हैदराबादच्या दुकानदारानं नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची जोडी त्याच्यासाठी बाजूला ठेवली. येत्या रविवारी आणायला जायचं ठरलं. त्याआधी माझ्या भाचीचं, साक्षीचं, अर्धापूरला लग्न होतं, म्हणून तो दोन दिवस आला. मांडवात माझा भाऊ रेणुकादास सगळ्यांदेखत म्हणाला, "काय भाचेबुवा, लातुरात प्यायला पाणी न्हाई अन् तू समुद्र आणून राहिलास म्हणे?"

मला दुर्बिणीच्या वेळचं हसणं आठवलं.

"आणून नाही मामा, कालवून राहिलो," अनय म्हणाला. "तुमच्या पंगतीतल्या वरणापेक्षा दाट आहे."

मांडव हसला. पण यावेळी हसणं त्याच्या बाजूनं होतं.

आज दुपारी तो लातूरला पोचला. वीज गेली तर लक्ष असावं म्हणून किल्ली गुरम्मांकडे दिलेली होती. त्या जिन्यातच उभ्या होत्या, खूश. "तुझं पाणी खाली गेलतं बघ. आज नळ आलता, मी भरून टाकलं. तुझ्या माशांला खारं पाणी लागतंय म्हणून खडेमीठ बी टाकलं, अन् तुरटी फिरवली. निवळंल आता."

वाफ होऊन उडतं ते नुसतं पाणी, मीठ टाकीतच राहतं. भर घालायची ती साध्या शुद्ध पाण्याची. हे मलाही त्यानं शिकवलं तेव्हा कळलं. मिठाचं एक वेळ निभावलं असतं, पण तुरटी त्या पाण्याला चालत नाही, तिचा साका दगडांवर बसतो. गुरम्मांचा काय दोष? टँकरच्या दिवसांपासून लातुरातल्या बायका घरात आलेल्या प्रत्येक भांड्यात तुरटी फिरवतात. ती फिरवली की पाणी आपलं झालं.

टाकी दुधासारखी पांढरी झाली होती. आणि अनय त्यांना म्हणाला, "बरं केलं, आजी."

संध्याकाळी मला फोनवर हे सांगताना त्याचा आवाज अगदी सपाट होता. "सगळं पाणी काढून दगड धुवावे लागतील. बोअरचं पाणी आता उतरलंय, परत एवढं पाणी कुठून आणू? उद्या हैदराबादला नको म्हणून कळवतो. टाकी घ्यायला एकजण तयार आहे."

"गुरम्मांच्या हौदात आजच पाणी आलंय ना? माग की."

"मागायचं म्हणजे कशाला ते सांगावं लागेल. म्हातारी रात्रभर झोपायची नाही. तूही सांगू नकोस."

मी हो न म्हणताच फोन ठेवला.

तेव्हापासून हाच विचार चालू आहे. गुरम्मांना वाईट वाटेल, हे खरं. पण टाकी गाडीत चढताना बघून वाटणार नाही? त्या कारण विचारतील आणि हा म्हणेल, 'कंटाळा आला, आजी.' त्या मानतील. दुर्बिणीच्या वेळी आम्ही सगळ्यांनी मानलं तसं. ज्या बाईनं आपल्या पिण्याच्या पाण्यातून त्याची टाकी भरली, तिला ती पुन्हा भरू देण्यात कमीपणा कसला?

अनय फोन उचलत नाही तेव्हा मी गुरम्मांनाच लावते, त्यामुळे त्यांचा नंबर आहे. पूजेसाठी त्या पहाटेच उठतात. हैदराबादचं दुकान उघडायला त्यानंतर बराच वेळ असतो. आधी हौदातलं पाणी मागेन, मग तुरटीचं सांगेन. अनय रागावला तर रागावू दे. झुंजुमुंजू झालं की पहिला फोन गुरम्मांना.