मागे कुणाचा तरी श्वास

आमच्या दादाला रडू येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. बाबा गेले आणि चौथ्या दिवशी हा चष्म्याच्या दुकानात जाऊन काचा घासत बसला. लोकांनी नावं ठेवली. मीही ठेवली. विचारलं तर म्हणाला, "काही वाटतच नाहीये गं. दात काढताना भूल देतात ना, तसं."

पोटासाठी काचा घासायच्या आणि सुट्टीच्या दिवशी वेब सिरीज करायची, हे त्याचं तीन वर्षांचं खूळ. सिरीजचं नाव 'सामाईक भिंत'. दोन शेजारी, मध्ये एक भिंत, बास. भांडखोर शेजारणीचं काम माझ्या गळ्यात पडलं (म्हणे अभिनयाची गरज नाही), आणि शेजारी झाला दादाच्या दुकानातला कॅशियर. स्टुडिओ म्हणजे आमची पुढची खोली. निर्माता नव्हताच. होते ते चारेकशे प्रेक्षक. कुणी जुना दिवा पाठवला, कुणी संवाद सुचवले. एक निवृत्त नर्सबाई होत्या. त्यांच्या नवऱ्याला ऐकू येत नाही, म्हणून त्या प्रत्येक भागातले संवाद आणि बारीकसारीक आवाजसुद्धा पडद्याखाली लिहून द्यायच्या. 'दार वाजतं.' 'कप ठेवल्याचा आवाज.' ती अक्षरं ज्याला हवी त्यानेच चालू करायची; आम्ही कधी केली नाहीत.

दादाचा नियम एकच. सिरीज सगळ्यांची, म्हणून प्रत्येक गोष्ट मताला टाकायची. माझ्या ओढणीचा रंगसुद्धा बहुमताने ठरायचा. तोही दरवेळी मला न शोभणारा.

बाबांना या उद्योगात काडीचा रस नव्हता, पण खोली सोडायची तयारीही नव्हती. कॅमेऱ्यामागे कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचे. त्यांचा श्वास दम्याचा, शिट्टी होण्याआधीच्या कुकरसारखा. प्रत्येक टेकमध्ये तो यायचा. दादा वैतागायचा.

"बाबा, जरा हळू."

"मी माझ्या घरात श्वासही घेऊ नको का?"

"घ्या हो. फक्त मी ॲक्शन म्हटल्यावर नको."

दहावा भाग आला तेव्हा प्रेक्षकांनी विचारायला सुरुवात केली. मागे तो सूं सूं आवाज कसला? पंखा बिघडलाय का? तो आवाज कुणाचा, हे दादाने सांगितलंच नाही. लाजला असावा. नियमाप्रमाणे मताला टाकलं, आवाज ठेवायचा की काढायचा. 'काढा' प्रचंड मतांनी निवडून आलं. महिनाभर बसून त्याने दहाही भाग धुऊन काढले, जुन्यांच्या जागी नवे चढवले, आणि डिस्क भरली म्हणून मूळचे पुसून टाकले. मग मोठ्या कौतुकाने बाबांना हेडफोन लावून ऐकवलं. ते बराच वेळ कान देऊन बसले आणि म्हणाले, "छान. आता मी नाहीच." आम्ही दोघंही हसलो.

पुढे दोन महिन्यांत ते गेले. फोटो होते, पण आवाज म्हणून काहीच नव्हतं. फोनवर ते 'हो' आणि 'ठेवतो' याच्या पुढे गेले नाहीत, आणि असलं कोण जपून ठेवतं? तीन वर्षं हा माणूस प्रत्येक शूटिंगला त्या खोलीत हजर होता आणि दहा भागांत कुठेही नव्हता. दादाने डिस्क पाच वेळा धुंडाळली. चेहरा मात्र काच घासताना असतो तसाच.

मग एका दुपारी नर्सबाईंचा मेसेज आला. "दहाही भागांत मी 'मागे कुणाचा तरी श्वास, जड' असं लिहून ठेवलंय. आता आवाज गेला, नुसती अक्षरं राहिलीत. बघणारे गोंधळतात. काढून टाकू का? नियमाप्रमाणे मताला टाकलंय, संध्याकाळपर्यंत."

दादाने अक्षरं चालू करून पहिला भाग लावला. भिंतीवरच्या खिळ्यावरून मी तावातावाने भांडत होते, मग गप्प झाले. त्या गप्प जागी खाली पांढऱ्या अक्षरांत बाबा होते. त्याने दुसरा लावला. त्यातही होते. तिकडे 'काढा'ला मतं पडतच होती.

"थांबव ते," मी म्हटलं.

"कसं थांबवू? सिरीज सगळ्यांची आहे. नियम आहे."

माझं डोकंच फिरलं. "नियम गेला खड्ड्यात! एकदा मतं घेऊन काढलंस ना त्यांना? आता परत काढणार?"

त्याने कीबोर्ड पुढे ओढला. नर्सबाईंनी टाकलेल्या मतदानाखाली सगळ्यांसाठी लिहिलं, "तो माझ्या वडिलांचा श्वास होता. ते आता नाहीत. यावर मत घेता येणार नाही." आणि उठून जेवायचं पान घ्यायला लागला. मला त्याचा राग आला होता, आणि त्याहून जास्त माझा. मत देताना 'काढा' मीही दाबलं होतं.

अक्षरं राहिली.

महिन्याने अकरावा भाग केला. तीच खोली, तेच भांडण. कोपऱ्यातली खुर्ची हलवायचं कुणी नाव काढलं नाही. शूटिंग सुरळीत झालं, एकही टेक वाया गेला नाही. नर्सबाईंनी लिहून पाठवलेलं या वेळी तपासायला दादा बसला, मी शेजारी. मी भांडते, मग गप्प होते. त्या जागी त्यांनी लिहिलं होतं, 'मागे कुणी नाही.'

दादाने चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं.

"बरोबर लिहिलंय," म्हणाला. आणि मग त्याचाच श्वास असा काही जड झाला, की मी उठून दार लावून घेतलं.